यरीहोच्या वाटेवर कोण थांबणार?



दयाळू शोमरोन्याचा दाखला आपल्या घरोघरी लहान मुलांनाही ठाऊक आहे. परंतु त्यातील एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. रस्त्याच्या कडेला अर्धमेल्या अवस्थेत पडलेल्या त्या प्रवाशाला शोमरोन्याने एकही प्रश्न विचारला नाही. ‘या निर्जन वाटेने एकटा का निघालास? दिवस मावळण्यापूर्वी घरी का परतला नाहीस? लुटारूंचा प्रतिकार का केला नाहीस? ओरडला का नाहीस?’ यांपैकी काहीही त्याच्या तोंडून निघाले नाही. त्याने जखमा पाहिल्या आणि तो खाली वाकला.

आपल्या गावातील एखाद्या मुलीवर वा स्त्रीवर बलात्कार होतो तेव्हा मात्र आपण नेमके हेच प्रश्न विचारतो. आणि तेही तिला, लुटारूला नव्हे! सायंकाळच्या जपमाळेनंतर घरात मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या या साप्ताहिकात असला विषय कशाला, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. त्यांना माझी नम्र विनंती अशी की, या विषयावर आपण आजवर पुष्कळ गप्प राहिलो आहोत. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आपण म्हणतो. पण त्या मुठीत कोणाचा जीव गुदमरतो आहे याचा विचार करीत नाही.

मला हे लिहिण्याचा अधिकार आहे तो माझ्या शहाणपणामुळे नव्हे, तर माझ्या चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक माता आपल्या तरुण मुलीवर ओढवलेला प्रसंग सांगण्यास माझ्याकडे आली. ते पापनिवेदन नव्हते. ती व्हरांड्यातील बाकावर बसून बोलत होती. ओळख पटेल असे काहीही मी येथे लिहीत नाही. अत्याचार करणारा नात्यातलाच होता. मी तिचे सांत्वन केले, तिच्यासह प्रार्थना केली, आणि शेवटी म्हणालो, “बाई, झाले ते देवाच्या स्वाधीन करा. बोभाटा झाला तर मुलीचेच लग्न जमायचे नाही.” आपण दयेचे बोल बोललो, असे मला वाटले. ती उठली, पदराने डोळे पुसले आणि “बरं, फादर,” एवढेच म्हणून निघून गेली. मुलीला कोणी दवाखान्यात नेले नाही. तो मनुष्य त्या घरी पूर्वीप्रमाणेच येत-जात राहिला. वर्षभराने ते कुटुंब गाव सोडून गेले; माझा निरोप घेण्यासही कोणी आले नाही.

दाखल्यात त्या जखमी माणसाला पाहून जो पहिला पलीकडच्या बाजूने निघून गेला, तो याजक होता. मिस्सेमध्ये ते शुभवर्तमान वाचताना आता माझी जीभ अडखळते.

अब्रू कोणाची गेली?

आपली भाषाच येथे आपल्याला फसवते. आपण म्हणतो, ‘तिची अब्रू गेली’, ‘तिची इज्जत लुटली.’ घरात चोरी झाली तर चोराची अब्रू जाते. मग या एकाच गुन्ह्यात ती चोरी झालेल्याची कशी जाते? मोशेच्या अनुवाद ग्रंथातील बाविसावा अध्याय काढून पाहा. रानात एकट्या सापडलेल्या मुलीवर कोणी बळजबरी केली तर तिच्याकडे दोष नाही, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. तो गुन्हा मनुष्यहत्येसारखा मानला आहे. ती ओरडली असेल, पण सोडवणारे कोणी नव्हते, असे धरून शास्त्र चालते. तिचे अश्रू संशयाने तपासून पाहत नाही.

इ. स. ४१० मध्ये रोम शहर लुटले गेले तेव्हा अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर, व्रतस्थ कुमारिकांवरसुद्धा, अत्याचार झाले आणि लोक त्यांच्याकडे बोट दाखवू लागले. तेव्हा संत अगस्तीन यांनी ‘देवाची नगरी’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात त्यांची बाजू घेतली. पावित्र्य हा आत्म्याचा गुण आहे. मनाची संमती नसताना दुसऱ्याने शरीरावर केलेल्या बळजबरीने ते नष्ट होत नाही, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. सोळाशे वर्षांपूर्वीची ही शिकवण आपल्या ओटीवर अद्याप पोहोचली नाही, याची आम्हा उपदेशकांना खंत वाटली पाहिजे.

दर वर्षी ६ जुलैला आपण संत मारिया गोरेत्तीचा सण पाळतो. अकरा वर्षांची ही इटालियन बालिका १९०२ साली हल्लेखोराच्या वारांनी मृत्यू पावली, आणि १९५० मध्ये बाराव्या पायस पोपमहोदयांनी तिला संतपद दिले. तिच्या धैर्याचे गुणगान अवश्य करावे; परंतु ‘मेली म्हणून पवित्र, वाचली असती तर कलंकित’ असा अर्थ आपल्या मुलींच्या मनात उतरू देऊ नये. जी जिवंत राहिली तीही देवाला तितकीच प्रिय आहे. दुसरीही गोष्ट लक्षात ठेवावी: मारियाने मरताना आपल्या मारेकऱ्याला क्षमा केली, तरीही त्याला न्यायालयापुढे उभे राहावे लागले आणि सत्तावीस वर्षे तुरुंगात काढावी लागली. क्षमा केली म्हणून न्याय रद्द होत नाही.

जे थांबले त्यांची गोष्ट

मार्च १९७२ मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथे पोलीस ठाण्याच्या आवारात एका अनाथ आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. तो खटला देशभर तिच्याच नावाने ओळखला गेला; मी मात्र ते नाव येथे लिहीत नाही. सत्र न्यायालयाने तिला खोटे ठरविले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये आरोपींना शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचा पुरावा नाही, असे कारण देण्यात आले. तिच्या बाजूला ना पैसा होता, ना माणसे.

परंतु १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पुढच्या वर्षी ठिकठिकाणी स्त्रियांनी मोर्चे काढले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले तर न्यायालयाने प्रथम तिचे खरे धरावे, असे ठरले. अत्याचार सोसलेल्या स्त्रीचे नाव प्रसिद्ध करणे हाही गुन्हा ठरला. आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमात आहे. मोबाइलवर तिचे नाव वा छायाचित्र पुढे पाठविणाऱ्या तरुणांनी हे नीट वाचावे.

त्या चौघांपैकी कोणीही त्या मुलीच्या नात्यातले नव्हते. ते केवळ वाटेवर थांबले.

तेल आणि पट्टी

मग आपण काय करावे? शोमरोन्याने जे केले तेच, त्याच क्रमाने.

त्याने आधी जखम बांधली. पहिले औषध म्हणजे विश्वास. “तू सांगतेस ते मी ऐकते आहे, यात तुझा दोष नाही,” एवढे दोन शब्द पुरतात. खोदून खोदून विचारू नये. आणि ऐकलेले शेजारी नेऊ नये. दुसरे, विलंब न करता दवाखाना. अंगावरचे कपडे धुऊ नयेत, कागदात गुंडाळून सोबत न्यावेत. अंघोळ झाली असली तरी, उशीर झाला असला तरी, जावेच. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने असे प्राथमिक उपचार विनामूल्य व तत्काळ करावेत, असा कायदा आहे. कौमार्याची जुनी, अपमानकारक तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बजावले आहे. सोबत गेलेल्या बाईला हे ठाऊक असले की तिला निर्भयपणे बोलता येते.

आपले जनावर

शोमरोन्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसविले आणि स्वतः पायी चालला. बुऱ्हाणपूरच्या ठाण्यात व कचेरीत हिंदी चालते. घरी मात्र कोणी मराठी बोलते, कोणी कोरकू. घाबरलेल्या मुलीला धड शब्द सापडत नाही. अशा वेळी सोबत जाऊन तिचे म्हणणे समजावून देणारी एक शहाणी बाई म्हणजे तिच्यासाठी जनावरच नव्हे, रथ होय. असा जबाब स्त्री पोलिसाने, मुलीच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणी, आईवडील, नातलग वा त्या भागातील समाजसेवक यांच्या उपस्थितीत घ्यावा, असे कायदा सांगतो. तो ‘समाजसेवक’ आपल्या धर्मग्रामातील का असू नये?

आपल्यातील काही कुटुंबे हंगामात सीमेपलीकडे जळगाव जिल्ह्यात मजुरीला जातात. तिकडे प्रसंग घडला तर ‘तिकडच्याच ठाण्यात जा’ असे सांगून कोणी परत पाठवू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदवावीच लागते आणि तिची प्रत फुकट मिळते. तातडीच्या वेळी ११२, स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेले असावेत.

उतारशाळा

महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसविल्या गेलेल्या, बळजबरीला बळी पडलेल्या विधवांना तेथे गुप्तपणे व सुरक्षित बाळंत होता येई. अशाच एका मातेचा पुत्र फुले दांपत्याने दत्तक घेतला. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्याच या मध्य प्रांतात येऊन शेकडो मुली व स्त्रियांना घेऊन गेल्या, आणि पुढे केडगाव येथे पीडित स्त्रियांसाठी त्यांनी ‘कृपा सदन’ उभारले. अत्याचारातून मूल राहिले तर माता निरपराध, मूलही निरपराध. त्या दोघांचा भार धर्मग्रामाने उचलावा, हे या थोर व्यक्तींनी आपल्याला कृतीने शिकविले आहे.

आज शासनाने २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटरे सुरू केली आहेत. तेथे काही दिवसांचा निवारा, औषधोपचार, समुपदेशन व कायद्याची मदत एकाच छताखाली मिळते. पण गावाहून तेथपर्यंत तिला नेणार कोण?

दोन दीनार, आणि परत येण्याचे वचन

शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परतताना देईन असे सांगितले. खटला वर्षानुवर्षे चालतो. प्रत्येक तारखेला मजुरी बुडते, बसभाडे लागते, मुलीची शाळा सुटते. पुष्कळ खटले पुराव्याअभावी नव्हे, तर या थकव्याने ढासळतात. म्हणून वर्गणी लहान असो, पण चालू राहणारी असो. आणि देणाऱ्याला ती कोणासाठी खर्ची पडली हे कळू नये. उजव्या हाताचे दान डाव्याला न कळणे येथे केवळ नम्रता नव्हे. ते तिचे संरक्षण आहे.

हक्काचा पैसाही आहे. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. २०१८ च्या राष्ट्रीय योजनेत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख रुपये नुकसानभरपाई ठरविली आहे. ती भीक नव्हे.

आणि पंचांनी मध्ये पडून ‘मिटवून टाका’ म्हणू नये. मध्य प्रदेशातीलच एका खटल्यात १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, बलात्काराच्या प्रकरणात तडजोड कोणत्याही स्थितीत चालणार नाही. २०२० मध्ये विनयभंगाच्या एका आरोपीला फिर्यादी स्त्रीकडून राखी बांधून घेण्याच्या अटीवर आपल्या राज्यात जामीन देण्यात आला होता. ती अटही सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये रद्द केली. राखीच्या धाग्याने असली जखम शिवली जात नाही.

घरातील आणि देवळातील लुटारू

राष्ट्रीय गुन्हे नोंदणीचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात की, शंभरांतील नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी हा ओळखीचाच असतो. म्हणून मुलींना केवळ ‘अनोळखी माणसापासून सावध राहा’ असे शिकवून भागत नाही. ‘कोणीही, अगदी काका-मामाही, नको तसा वागला तर मला सांग, मी तुला रागावणार नाही,’ हे आईने म्हटले पाहिजे. आणि हे मुलग्यांनाही सांगावे. तेही बळी पडतात. अठरा वर्षांखालील मुलावर अत्याचार झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळविणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. बापांनो, मुलग्यांना हेही शिकवा की नकार म्हणजे नकार.

लुटारू कधी झगा घालूनही येतो, ही लाजिरवाणी गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये आज्ञापत्र काढून प्रत्येक धर्मप्रांतात अशा तक्रारी स्वीकारण्याची व्यवस्था बंधनकारक केली. धर्मगुरू व व्रतस्थांनी असा प्रकार कळल्यास तो वरिष्ठांना कळविलाच पाहिजे, असेही ठरविले. २०२३ मध्ये ते नियम कायम करण्यात आले. पापनिवेदनाचे गुपित अभंग आहे व राहील. पण त्याच्या आडोशाने व्रणावर पांघरूण घालण्याचा अधिकार कोणालाही नाही, मलाही नाही.

माझी विनंती मोठी नाही. प्रत्येक वस्तीतून दोन बायकांनी आपली नावे मला द्यावीत, ज्या रात्री-अपरात्री सोबत जाण्यास तयार आहेत. एका पुरुषाने वाहनाची सोय पाहावी. प्रत्येक घराने महिन्याकाठी जमेल ते बाजूला काढावे. आणि सर्वांनी, वाटेवर कोणी पडलेली दिसली, तर आधी प्रश्न गिळावा.

ती माता आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. पण उद्या दुसरी कोणी माझ्या व्हरांड्यात येऊन बसेल, तेव्हा मी प्रथम पायांत चपला घालीन आणि म्हणेन, “चला बाई, आपण दवाखान्यात जाऊ. मी तुमच्याबरोबर येतो.”

आपणही याल ना?