पंधरा अँपियरचा रस्ता

मेहकरच्या अलीकडचा तात्यांचा ढाबा यंदा बंद झाला. जुन्या नागपूर रस्त्याने जालना सोडलं की सिंदखेडराजा, बिबी, सुलतानपूर आणि मग मेहकर. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि या रस्त्यावरची रहदारी आटत गेली. आधी ट्रॅव्हल्स गेल्या, मग मालट्रक, शेवटी घरच्या गाड्या. ढाबे एकामागोमाग एक बसले. रस्ते बदलतात, धंदे हलतात, त्यात नवल नाही. पण विजेवरची गाडी घेऊन मराठवाड्यातून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या पहिल्या काही लोकांना ज्या मोजक्या ठिकाणी हक्काने प्लग मिळायचा, त्यातलं हे एक ठिकाण होतं. सरकारी अहवालांत चार्जिंगची सुरुवात पहिल्या फास्ट चार्जरपासून धरतात. आमच्याकडे ती तशी झालेली नाही. ती ढाब्याच्या भिंतीवरच्या पंधरा अँपियरच्या बोर्डापासून झाली, आणि हे कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून हा मागोवा.

त्याआधीच्या वर्षांबद्दल लांबण लावण्यात अर्थ नाही. ६ जून २००५ ला वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली. भारनियमनाची वर्षं आली आणि गेली. खेड्यांत बारा-बारा तास लाईट नसायची. जालन्याला त्यात आणखी एक सल होता. इथल्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या विजेवर चालतात, दूरदूरच्या इमारतींत जाणारी सळई इथे तयार होते. रात्री त्या वसाहतीचा उजेड आभाळाला दिसायचा आणि लगतच्या गावात पिठाची गिरणी बंद पडलेली असायची. म्हणजे वीज जिल्ह्यात येत होती. ती कुणापर्यंत पोचायची एवढाच प्रश्न होता, आणि माझ्या मते तो अजून तोच आहे. २०१५ मध्ये केंद्राची विजेवरच्या गाड्यांसाठीची फेम योजना आली, २०१९ मध्ये तिचा दुसरा टप्पा. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून विजेवरच्या गाड्यांचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. या सगळ्या आमच्यासाठी पेपरातल्या बातम्या होत्या.

खरा बदल जानेवारी २०२० चा. त्या महिन्यात टाटांची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली, त्याच सुमाराला एमजीची झेडएस आली, आणि मध्यमवर्गातल्या माणसाने कर्ज काढून घ्यावी अशी विजेवरची गाडी पहिल्यांदा दिसू लागली. नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटची होती आणि कागदावर एका चार्जिंगमध्ये ३१२ किलोमीटर. असे कागदावरचे आकडे ठरावीक, बऱ्यापैकी संथ वेगाच्या चाचणीतून येतात. भर उन्हात एसी लावून, घरची चार माणसं आणि सामान घेऊन निघालं की त्या पिढीतल्या गाड्यांचा हिशेब दोनशेच्या आसपास धरावा लागे. जालन्याहून पुणं तीनशेच्या जवळपास, नागपूर त्याहूनही लांब. थोडक्यात, एकदा तरी कुणाच्या तरी दारात थांबणं भाग होतं.

शेजारच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१० मध्ये उद्योजकांनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीझ घेतल्या होत्या आणि देशभर त्याची चर्चा झाली होती. २०२१ मध्ये त्याच शहरातून हरित वाहनांची मोहीम निघाली आणि विजेवरच्या गाड्यांची घाऊक नोंदणी झाली. जुलै २०२१ मध्ये राज्याचं ईव्ही धोरण आलं. या दोन गोष्टींनी मराठवाड्यातल्या बऱ्याच जणांना धीर आला. तरी शोरूममधला विक्रेता जालन्याचा पत्ता ऐकून थबकायचा. ‘शहरात फिरवायला घ्या, बाहेर काढू नका,’ हा सल्ला मी किती जणांच्या तोंडून ऐकला असेल! मराठवाड्यात वीजच नाही तर विजेची गाडी काय चालवणार, असं मुंबई-पुण्याच्या जाणकारांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांनी हा रस्ता पाहिला नव्हता आणि या रस्त्यावरची माणसं तर मुळीच पाहिली नव्हती.

त्या वर्षांतला प्रवास कसा होता ते आज गाडी घेणाऱ्यांना सांगूनही पटत नाही. निघण्याआधी ढाबेवाल्याला फोन करायचा. प्रश्न ठरलेले: पंधरा अँपियरचा बोर्ड आहे का, लाईन किती वाजेपर्यंत असते, इन्व्हर्टरवर तर नाही ना, अर्थिंग आहे का. पहिल्या तिन्हींची उत्तरं मिळत. चौथ्या प्रश्नाला पलीकडे शांतता, आणि मग, ‘असंल की साहेब, या तर खरं.’

अर्थिंग हाच त्या काळातला खरा शत्रू होता. गाडीबरोबर येणाऱ्या चार्जरच्या डबीत अर्थिंग तपासण्याची सोय असते. ते नसलं किंवा कच्चं असलं की डबीवर लाल दिवा लागतो आणि गाडी वीज घेत नाही. ढाब्यावरचा फ्रीज अर्थिंगवाचून वर्षानुवर्षं चालतो, मोबाईल चार्ज होतो, मिक्सर फिरतो. म्हणून मालकाला वाटे की बोर्ड चांगला आहे आणि गाडीतच बिघाड आहे. तात्यांच्या ढाब्यावर पहिल्यांदा असंच झालं. लाल दिवा बघून ते दोनदा बोर्ड बदलायला निघाले. मग त्यांनी गावातल्या वायरमनच्या पोराला बोलावलं. आयटीआय केलेलं पोरगं, विशीतलं. त्याने टेस्टर लावला आणि एका मिनिटात सांगितलं, ‘तात्या, तुमच्या आख्ख्या ढाब्याला अर्थिंगच नाही.’

पुढच्या खेपेला गेलो तर भांडी घासायच्या मोरीमागे खड्डा खणून झालेला होता. त्यात तांब्याची पट्टी, वर कोळसा आणि मीठ यांचे थर, आणि मोरीचं पाणी कायम त्यात मुरावं म्हणून मुद्दाम ती जागा निवडलेली. कारण अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की निकामी होतो, आणि आमच्या भागात उन्हाळ्यात जमीन भेगाळते. पोराने पिठाच्या चक्कीच्या लाईनवरून जाड वायर ओढून वेगळा बोर्ड काढला, त्याला सबमीटर लावला. डबीवर हिरवा दिवा लागला तेव्हा तिथे चहा पीत बसलेले ट्रकवाले उठून बघायला आले. ‘ॲव्हरेज किती देती?’ हा पहिला प्रश्न, ‘रस्त्यात संपली तर?’ हा दुसरा. तात्या युनिटाला बारा रुपये घ्यायचे आणि वहीत तारीख, गाडीचा नंबर, सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग लिहून ठेवायचे. पंधरा अँपियरवर तासाला जेमतेम दहा टक्के भरते. तीन-चार तास बसावं लागे. पिठलं-भाकरी, मग बाजेवर डुलकी, मग चहा. संध्याकाळी आसपासच्या शेतांतल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि चार्जिंग तुटायचं. तात्या स्वतःहून फ्रीज आणि कूलर बंद करायचे. एका रात्री डीपीवरचा फ्यूज उडाला तर त्यांनी लाईनमनला घरातून उठवून आणलं. बारा रुपये युनिटासाठी कुणी एवढं करत नाही. आपल्या दारात आलेला माणूस अडकून पडू नये, ही त्यामागची भावना होती आणि तिच्यावर आम्ही मेहकर, कारंजा करत नागपूर गाठलं.

याच काळात पुण्यात एका नातेवाइकाच्या सोसायटीत रात्रभरासाठी प्लग मागितला होता. मीटर लावून, पैसे आगाऊ देऊन. कमिटीने पत्र मागितलं, मग सभा झाल्यावर बघू म्हणाले, मग लिफ्टवर लोड येईल असं कारण दिलं. चोवीस तास वीज, पक्कं अर्थिंग, तळघरात प्रत्येक खांबावर बोर्ड, आणि उत्तर नाही. तेव्हा वाटलेलं आज इथे स्पष्ट लिहितो: सोय कुठे आहे आणि सौजन्य कुठे आहे, यांचा नकाशा या राज्यात कधीच जुळला नाही.

मग समृद्धी आला. आमच्या जिल्ह्यात तो जालना आणि बदनापूर या दोन तालुक्यांतून जातो, आणि निधोन्याच्या इंटरचेंजवरून वर चढलं की शेतं, टेकड्या आणि सरळ पट्टा. रस्ता उत्तम, यात वाद नाही. सुरुवातीला पेट्रोल पंप, स्वच्छतागृहं, खाणं, सगळ्याचीच बोंब होती; चार्जरची गोष्ट तर दूरच. आणि विजेच्या गाडीला या रस्त्याची एक वेगळी परीक्षा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीने चालणारी गाडी एकशेवीसवर नेली की तो सव्वादोन पट होतो आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. जुन्या रस्त्यावर खड्डे आणि गावं यांच्यामुळे गाडी आपोआप हळू चालायची आणि लांब जायची. नव्या रस्त्यावर चार्जरची गरज वाढली आणि मधल्या गावांशी संबंध मात्र तुटला. कुंपणापलीकडे गाव दिसतं, पण तिथे उतरता येत नाही.

पुढे चार्जर आले. बॅटऱ्याही मोठ्या झाल्या. २०२२ मध्ये चाळीस युनिटच्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने आणलेल्या गाड्यांत तर ५९ आणि ७९ युनिटच्या. जालन्याहून नागपूर आता मध्ये एकदाच थांबून होतं. हे सगळं मला हवंच होतं.

पण गेल्या उन्हाळ्यातली एक रात्र सांगतो, कारण तशा रात्री माझ्या ओळखीतल्या प्रत्येक ईव्हीवाल्याच्या वाट्याला आल्या आहेत. द्रुतगती रस्त्यालगतचं चार्जिंग स्टेशन, दोन गनचं यंत्र, छान छप्पर. मोबाईलवरच्या ॲपमध्ये हिरवं, म्हणजे सुरू. जवळ गेलो तर पडदा काळा. यंत्राच्या बाजूला आणीबाणीचं लाल बटण असतं. ते कुणीतरी दाबलं होतं. ते फिरवून बाहेर काढलं, तरी काही नाही, कारण मागच्या पेटीतला ब्रेकरही पडला होता आणि पेटीला कुलूप. किल्ली कुणाकडे? समोरच्या चहावाल्याला माहीत नाही. मदत क्रमांकावर दुसऱ्या राज्यातला मुलगा, हिंदीत. त्याने स्टेशनचा क्रमांक विचारला, तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर दिला, ४८ तासांत तंत्रज्ञ येईल म्हणाला. बिचाऱ्याचा काही दोष नाही. एक किल्ली आणि एक खटका, एवढंच काम होतं. गाडीत नऊ टक्के होते. आम्ही पुढच्या गावात उतरून एका वेल्डिंगच्या दुकानासमोर रात्र काढली, आणि दुकानदाराने सकाळी शटर उघडताच विचारलं, ‘प्लग पाहिजे का?’

हे दुखतं ते एवढ्यासाठी की पैसा कमी पडलेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी चार्जिंगसाठी आहेत. २०२५ च्या राज्य धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं ठरलं आहे, आणि मुंबई-पुणे, समृद्धी व अटल सेतू इथे विजेवरच्या मोटारींना टोलमाफी. अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ ला सुरूही झाली. ५ जून २०२५ ला समृद्धीचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. सगळीकडे किलोमीटर मोजले जातात, गन मोजल्या जातात, कोटी मोजले जातात. यंत्रापाशी उभा राहणारा माणूस या मोजणीत कुठेच नाही.

एसटीने १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर ‘शिवाई’ आणली, त्याच मार्गावर जिथे १९४८ मध्ये पहिली एसटी धावली होती. ती गाडी आगारात चार्ज होते, आणि आगारात कर्मचारी असतात; चार्जर बिघडला तर ज्याच्याकडे बोट दाखवता येईल असा माणूस आवारातच असतो. पेट्रोल पंपावर रात्री दोन वाजताही नोझल हातात घेऊन कुणीतरी उभं असतं. मोटार विजेवर आली म्हणून प्रवाशाला एकटं सोडायचं, हे कुणी ठरवलं? महामार्गांवरच्या जलद चार्जरचा दर घरच्या विजेपेक्षा कितीतरी जास्त असतो, वर १८ टक्के जीएसटी. एवढ्या दरात एक पगार बसत नाही, हे मला पटत नाही.

आणि माणसं आहेत. तात्यांच्या ढाब्यावर अर्थिंग करणारं ते पोरगं आता चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर आहे. जालना, बदनापूर, मंठा, सिंदखेडराजा इथून दरवर्षी इलेक्ट्रिशियन आणि वायरमनचे कोर्स करून मुलं-मुली बाहेर पडतात आणि बॅगा भरून पुण्याची बस धरतात. त्यांच्याच गावाशेजारून हा महामार्ग जातो. चार्जिंग स्टेशनच्या निविदेत तीन अटी घाला: चोवीस तास स्थानिक प्रशिक्षित माणूस, त्याच्याकडे पेटीची किल्ली, आणि त्याचा मोबाईल नंबर यंत्रावर मोठ्या मराठी अक्षरांत. यंत्र ठरावीक वेळेपेक्षा जास्त बंद राहिलं तर अनुदान कापा. पुढच्या जागांच्या निविदा निघण्याआधी या अटी लिहून घेण्यासाठी आमच्या जिल्ह्यातल्या आमदारांनी आत्ताच पत्र द्यायला हवं. मी माझं दिलं आहे.