फुलाचा वास चरबीत कसा पकडतात?

लोण्याशेजारी चिरलेला कांदा उघडा राहिला, की थोड्याच वेळात लोण्याला कांद्याचा वास लागतो. स्वयंपाकघरात हा लोण्याचा दोष ठरतो. पण फ्रान्समधील एका डोंगराळ गावाने त्याच गुणावर मोठा धंदा उभारला. त्या गावाचे नाव ग्रास.

दक्षिण फ्रान्समधील कान शहराच्या उत्तरेस, डोंगरउतारावर हे गाव वसले आहे. मध्ययुगात ते कातडी कमावण्यासाठी प्रसिद्ध होते. कातड्याचा दर्प झाकण्यासाठी हातमोजे सुवासिक करण्याची चाल १६ व्या शतकात पडली. पुढे कातड्याचा धंदा मागे पडला आणि सुगंधाचा वाढला. उबदार हवेमुळे गुलाब, निशिगंध आणि चमेली तेथे चांगली येतात. यांपैकी चमेली मूळची दक्षिण आशियातील!

लॅव्हेंडरचे तेल काढणे सोपे असते. फुलांतून पाण्याची वाफ सोडतात. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून दोघांच्या बाष्पदाबांची बेरीज होते. ही बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली, की मिश्रण उकळते. त्यामुळे एरवी २०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळणारी द्रव्येही १०० अंशांच्या आतच वाफेबरोबर निघून येतात.

मग चमेलीला ही रीत का चालत नाही? एक तर तिचा नाजूक सुगंध उष्णतेने बिघडतो. दुसरे असे, की खुडलेले फूल लगेच मरत नाही. कित्येक तास त्यात सुगंधी द्रव्ये तयार होतच राहतात. फूल उकळले, की हे काम थांबते.

म्हणून ग्रासमध्ये लाकडी चौकटीतील काचेवर शुद्ध चरबीचा थर देऊन त्यावर फुले पसरीत. दुसऱ्या दिवशी ती काढून ताजी फुले ठेवीत. असे काही आठवडे चाले. सुगंधी द्रव्ये मेदात सहज विरघळत असल्याने चरबी सुवासिक होई. ती अल्कोहोलने धुतली, की सुगंध अल्कोहोलात उतरे. अल्कोहोल उडवून लावले, की अर्क मागे राही. आपल्याकडील फुलेल तेलाचे तत्त्वही हेच. तीळ व फुले यांचे थर रचून, वास मुरल्यावर तीळ घाण्यात घालतात.

चरबीची रीत फार कष्टाची. आता बहुतेक ठिकाणी हेक्झेनसारखा विद्रावक वापरतात. तरीही १ किलो अर्काला सुमारे ७०० किलो फुले लागतात, आणि ती भल्या सकाळी हातांनीच खुडावी लागतात. चमेलीतील बेंझिल ॲसिटेट कारखान्यात स्वस्तात बनते. परंतु खऱ्या फुलाचा वास अनेक संयुगांचा मिळून असतो. त्यांतील इंडोल तर दाट असता दुर्गंधी येतो, अत्यल्प असता मात्र फुलासारखा भासतो!

२० व्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रासमधील पुष्कळ शेतांवर घरे उभी राहिली. आज चमेलीचा बराचसा अर्क इजिप्त व भारतातून येतो. फुलझाडांची लागवड, कच्च्या मालाची पारख व सुगंध जुळविण्याची कला ही ग्रासची कौशल्ये २०१८ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदविली.

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. बशीत वनस्पती तुपाचा पातळ थर द्या, त्यावर मोगऱ्याची कोरडी फुले ठेवून झाका आणि पाच दिवस रोज फुले बदला. तेवढीच फुले पाण्यात उकळा. दोन्हींचा वास घ्या आणि फरकाचे कारण वर्गात सांगा.