बालविज्ञानाविषयीचे काही रूढ समज

मुलाचे नाव पहिल्या इयत्तेत दाखल झाले, नवी पुस्तके घरी आली, आणि ती चाळताना भाषा आहे, गणित आहे, इंग्रजीही आहे, पण विज्ञान मात्र कोठेच नाही असे ध्यानात आले, म्हणजे पुष्कळ पालकांची अशी समजूत होते की, हा विषय कोवळ्या वयाला झेपणार नाही असे ठरवून शिक्षणखात्याने तो पुढच्या इयत्तांवर ढकलला असावा. वस्तुतः तशी गोष्ट नाही. पहिल्या दोन इयत्तांत परिसराचा अभ्यास भाषा आणि गणित यांच्या पोटातच असावा व तिसरीपासून त्याला स्वतंत्र पुस्तक मिळावे, ही भूमिका 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने विचारपूर्वक घेतलेली आहे. आणि महाराष्ट्रातील वहिवाटही बव्हंशी तीच आहे. 1967 साली स्थापन झालेल्या ‘बालभारती’च्या पुस्तकांचा क्रम पाहिला, तर तिसरीला ‘परिसर अभ्यास’, सहावीला ‘सामान्य विज्ञान’ आणि नववीला ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ अशा पायऱ्या दिसतात. म्हणजे मुखपृष्ठावर विज्ञानाचे नाव येते ते सहावीत. विषयाचा प्रवेश त्याच्या किती तरी आधी, आणि बिनबोभाट, झालेला असतो. झाडाखाली पडलेली पाने गोळा करून त्यांचे काठ गुळगुळीत की दातेरी हे पाहून दोन ढीग करणारे सहा वर्षांचे मूल वर्गीकरण करीत असते, आणि आपली वही किती पेन्सिलींइतकी लांब आहे हे मोजणारे मूल मापनाच्या मूळ कल्पनेपाशी येऊन ठेपलेले असते.

परिसर अभ्यासाच्या एकाच पुस्तकात पाणी, नकाशा, ग्रामपंचायत आणि आहार ही सर्व प्रकरणे एकत्र नांदतात याबद्दलही काही जण नाक मुरडतात. परंतु गावची विहीर ही भूगोलाची, विज्ञानाची की नागरिकशास्त्राची, हा वाद आपल्या दप्तरी सोयीचा आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ती एकच विहीर असते.

यापेक्षा अधिक अनर्थकारक समज असा की, लहान मुलाचे मन म्हणजे कोरी पाटी असून तिच्यावर शास्त्रीय सत्ये स्पष्ट अक्षरांत लिहून दिली की काम भागले. झां पियाजे यांच्यापासून आजवर ज्यांनी ज्यांनी मुलांशी शांतपणे बोलून त्यांच्या कल्पनांची नोंद केली, त्या सर्वांना ही पाटी आधीच भरलेली आढळली. व्होस्नियादू आणि ब्रूअर या संशोधकांनी 1992 साली अमेरिकेतील प्राथमिक शाळेच्या मुलांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात पृथ्वी गोल आहे असे बिनचूक सांगणारी पुष्कळ मुले प्रत्यक्षात काही निराळेच चित्र मनात बाळगून होती: कोणाच्या मते ती भाकरीसारखी गोल पण चपटी होती, तर कोणाच्या मते आतून पोकळ असून माणसे तिच्या पोटातल्या सपाट जमिनीवर राहत होती. हैदराबादच्या मुलांविषयी पुढे असाच अभ्यास झाला, तेव्हा पृथ्वी अथांग पाण्यावर आधारलेली आहे अशी कल्पना तेथे पुष्कळ मुलांत आढळली. पुराणकथांच्या वातावरणात वाढलेल्या आपल्या वाचकाला तिचे नवल वाटू नये. यातली एकही कल्पना मूर्खपणाची नाही. पायाखालची जमीन सपाट दिसते आणि गुरुजी तर ती गोल आहे म्हणतात, या दोन साक्षींचा मेळ घालण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न आहे. आणि शिक्षकाने तो ऐकूनच घेतला नाही, तर मूल उत्तरपत्रिकेसाठी एक पृथ्वी आणि स्वतःसाठी दुसरी, अशा दोन पृथ्व्या बिनतक्रार सांभाळीत राहते.

झाडे माती खाऊन वाढतात, हा असाच एक समज. आणि तो केवळ मुलांचा आहे असे मानणे हा आणखी एक. वनस्पती आपले पोषण जमिनीतून शोषून घेतात, हे मत युरोपातील विद्वानांनी अनेक शतके शिरोधार्य मानले होते. ब्रसेल्सच्या यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट याने त्याची खातरजमा करण्यासाठी 200 पौंड कोरडी माती तोलून कुंडीत भरली, 5 पौंड वजनाचे विलोचे रोप तीत लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. मुदत संपल्यावर झाडाचे वजन सुमारे 169 पौंड भरले, आणि माती वाळवून पुन्हा तोलली तेव्हा ती अवघी दोनएक औंसांनी कमी झालेली आढळली. हे टिपण त्याच्या मृत्यूनंतर, 1648 साली, ग्रंथरूपाने प्रकाशात आले. त्यातील गमतीचा भाग असा की, मातीवरील आरोप इतक्या चोखपणे खोडून काढणाऱ्या हेल्मोंटने स्वतः काढलेला निष्कर्ष, म्हणजे झाडाचे लाकूड पाण्यापासून बनले हा, अपुराच होता. त्या लाकडातला कार्बन हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून आला होता, याचा उलगडा होण्यास आणखी दीड शतक जावे लागले. तिसरीच्या मुलाला प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या पाठ करावयास लावण्यापेक्षा, खिडकीत पाण्याच्या बाटलीत लावलेला मनीप्लँट मातीवाचून महिनोन् महिने नवी पाने कशी काढतो, हे त्याला पाहू द्यावे. ओल्या कापसावर मेथी उगवून दाखविण्याचा जो प्रयोग शाळोशाळी होतो तो चांगलाच आहे, परंतु त्यावरून मातीची गरज नाही असे सिद्ध होत नाही, कारण ती चार दिवसांची रोपे बियांमधल्या साठ्यावरच जगत असतात. ही मेख शिक्षकाला ठाऊक असली म्हणजे पुरे.

प्रयोगशाळेवाचून विज्ञान कसले, हा आक्षेप तर खेड्यापाड्यांतील शाळांच्या बाबतीत हमखास निघतो. मध्य प्रदेशात 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांतून जो विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला, तो सहावी ते आठवीच्या मुलांसाठी होता, आणि सरकारने 2002 मध्ये तो बंद करीपर्यंत त्याची मदार आसपासच्या आणि स्वस्त साहित्यावरच राहिली. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी जोडून भूमितीच्या आकृती उभ्या करणारे अरविंद गुप्ता त्याच उपक्रमाच्या संपर्कात घडले, आणि पुढे पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याची जणू शाळाच उघडली. त्याहून लहान मुलांना तर एक बादली पाणी आणि एक संत्रे पुरते. ‘जड वस्तू बुडते, हलकी तरंगते’ असे वर्गातले बहुतेक जण छातीठोकपणे सांगतात. सालीसकट संत्रे पाण्यात सोडावे, ते तरंगते. मग तेच संत्रे सोलून पुन्हा सोडावे. साल गेल्यामुळे ते उघडउघड हलके झालेले असते, आणि तरीही बहुधा तळ गाठते. वर्गात क्षणभर गोंधळ उडतो आणि नंतर तर्क सुरू होतात: सालीत हवा आहे, साल स्पंजासारखी आहे, आतले संत्रे रसाने गच्च आहे. येथे घनतेची व्याख्या फळ्यावर लिहून शिक्षकाने रंगाचा बेरंग करू नये. मुलांनी आपण होऊन स्टीलची वाटी, टाचणी, कच्चा बटाटा, मेणबत्तीचा तुकडा असे एकेक पाण्यात सोडून पाहावयास मागितले, तर घनतेची अर्धी वाट चालून झाली असे समजावे.

परंतु हाताने काही तरी केले म्हणजे विज्ञान शिकून झाले, हा याच्या उलट टोकाचा समजही तितकाच फसवा आहे. शालेय प्रदर्शनांत थर्मोकोलच्या डोंगरातून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा लाल फेस उसळविण्याची जी प्रथा पडली आहे, तिचा ज्वालामुखीशी संबंध केवळ आकारापुरता. खऱ्या उद्रेकाला भूगर्भातला वितळलेला खडक आणि त्यात विरघळलेले वायू कारण असतात, तेथे आम्ल आणि सोडा यांची भेट होत नाही. शिवाय तो डोंगर बहुधा आईबापांनी रात्री जागून केलेला असतो, ही गोष्ट परीक्षकांनाही ठाऊक असते.

सूर्याविषयीचे गैरसमज मात्र पाठ्यपुस्तकाच्या भाषेतूनच अधूनमधून पुष्ट होतात. भर दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की अंगणात काठी रोवून पाहण्याची कोणाला गरज वाटत नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे महाराष्ट्राला खरोखरीची शून्य सावली लाभते, पण कोणत्याही एका गावी ती वर्षातून दोनच दिवस; पुण्यात मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. दिल्लीच्या मुलांच्या नशिबी ती कधीच नाही. आता मे महिन्यात शाळेला सुटी आणि जुलैत आभाळ भरलेले, तेव्हा सृष्टीने हा प्रयोग आपल्या वेळापत्रकाच्या बाहेरच ठेवला आहे असे म्हणावे लागते. तथापि एरवीच्या कोणत्याही उन्हाच्या दिवशी दर तासाला सावलीच्या टोकाशी खडूची खूण करावयास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही, आणि सर्वांत आखूड सावली घड्याळातल्या बाराच्या ठोक्याला पडत नाही हेही त्यात मुलांना आपसूक कळते. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, हा समज तर थोरामोठ्यांतही ठाण मांडून बसला आहे. 1987 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदानप्रसंगी एका चित्रपटासाठी ऋतूंचे कारण विचारले गेले, तेव्हा नुकत्याच पदवी घेतलेल्यांपैकी बहुतेकांनी हेच उत्तर दिले होते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरांवर, असते ती जानेवारीच्या आरंभी, म्हणजे आपण शेकोट्या पेटवितो तेव्हा. आणि सर्वांत दूर, सुमारे 15.2 कोटी किलोमीटरांवर, जुलैच्या आरंभी. ऋतू घडतात ते तिच्या कललेल्या अक्षामुळे. हे कारण आठ वर्षांच्या मुलाच्या गळी उतरविण्याची घाई करू नये. सावली हिवाळ्यात लांब आणि उन्हाळ्यात आखूड पडते एवढी नोंद त्याच्या वहीत झाली, तरी त्या वयाला ती पुरेशी आहे.

राहता राहिले तंत्रज्ञान. या शब्दासरशी पालकांच्या डोळ्यांपुढे संगणक उभा राहतो, आणि पहिलीतल्या मुलाला कोडिंगच्या शिकवणीस घालण्याची तजवीज होऊ लागते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही कोडिंगची रुजवात सहावी ते आठवीच्या टप्प्यात सुचविलेली आहे, त्याआधी नव्हे. लहान मुलाचे तंत्रज्ञान घरातच असते. कात्री, अडकित्ता आणि चिमटा एका ओळीत ठेवून यांचा सांधा कोठे, आपण जोर लावतो कोठे आणि काम होते कोठे, एवढे तीन प्रश्न विचारावेत: कात्रीचा सांधा मध्ये, अडकित्त्याचा एका टोकाला आणि सुपारी मध्ये, चिमट्याचाही टोकाला, पण तेथे बोटे मध्ये आणि निखारा दुसऱ्या टोकाला. तरफेचे तिन्ही प्रकार येथे नावावाचून हाती येतात, आणि सुपारी सांध्याच्या जितकी जवळ ठेवावी तितकी ती सहज का फुटते, हे मूल स्वतः खटपट करून शोधते. अडकित्त्याला धार असल्यामुळे शेजारी वडील माणूस असावे, हे सांगणे नलगे. त्यानंतर एका कागदाचा पूल दोन विटांवर टाकून त्यावर रुपयाची नाणी ठेवावयास सांगावे. सपाट कागद एका नाण्याने वाकतो, तोच पंख्यासारखा घड्या घातलेला कागद मूठभर नाणी पेलतो.

या सर्वांचे मूल्यमापन कसे करावयाचे, असा रास्त प्रश्न शिक्षक विचारतात. ‘तरंगणाऱ्या तीन वस्तूंची नावे लिहा’ या प्रश्नाने पाठांतराखेरीज काहीच कळत नाही. त्यापेक्षा वहीत तीन रकाने आखून पहिल्यात अंदाज, दुसऱ्यात प्रत्यक्ष काय झाले ते, आणि तिसऱ्यात दोहोंत फरक पडल्यास त्याचे कारण लिहावयास सांगणे बरे; गुण द्यावयाचे ते तिसऱ्या रकान्याला, आणि चुकलेल्या अंदाजाबद्दल एकही गुण कापावयाचा नाही, हे आरंभीच जाहीर करावे. मुले हुशार असतात; गुणांचा वास येताच ती मागे जाऊन अंदाज पुसतात आणि निकालाबरहुकूम नवा लिहितात. म्हणून पहिला रकाना पेनाने भरून घ्यावा आणि त्या तासापुरते खोडरबर दप्तरातच ठेवावयास सांगावे.