बेल्जियमला शिकायला निघालात, पण कुठल्या बेल्जियमला?

बेल्जियमला एमएस करायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो ‘फ्रेंचचा क्लास लाव’ हा. लूव्हन, गेंट, अँटवर्प किंवा हॅसेल्टला जाणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. ही शहरं देशाच्या उत्तरेकडच्या फ्लँडर्स भागात आहेत आणि तिथली भाषा डच आहे. भाषेचा विषय तिथे हळवा का, हे लूव्हनच्या इतिहासातून कळतं. विद्यापीठ १४२५ सालचं. पुढे त्यात फ्रेंच आणि डच असे दोन्ही विभाग झाले. फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सच्या, शहरात फ्रेंच विभाग नको, या मागणीवरून १९६८ मध्ये देशाचं सरकार कोसळलं आणि विद्यापीठाची वाटणी झाली. ग्रंथालयातली पुस्तकंसुद्धा सम-विषम क्रमांकांवरून वाटली गेली. फ्रेंच विभागासाठी भाषिक सीमेपलीकडे लूव्हाँ-ला-नव्ह हे अख्खं शहर नव्याने वसवलं. आज ही दोन स्वतंत्र विद्यापीठं आहेत. अर्ज भरताना नावातल्या साम्याने फसू नका.

मग इंग्रजीवर भागतं का? मास्टर्सला बऱ्याच अंशी भागतं. पदवीच्या पातळीवर मात्र इंग्रजी अभ्यासक्रम मोजकेच आहेत, कारण त्यांच्या संख्येवर कायद्यानेच मर्यादा घातली आहे. बारावीनंतर थेट जाऊ पाहणाऱ्यांनी हे आधी तपासावं. दुकानात, रस्त्यावर इंग्रजी सर्रास चालतं, पण घरमालकाचं पत्र आणि नगरपालिकेची नोटीस डचमध्येच येते. विद्यापीठांच्या भाषाकेंद्रांत डचचे वर्ग असतात, ते पहिल्याच सत्रात लावावेत असं मला मनापासून वाटतं.

प्रवेश सहज मिळतो म्हणजे पास होणंही सोपं, हा समज सर्वांत महागात पडतो. स्थानिक मुलांना बारावीच्या प्रमाणपत्रावर बहुतेक शाखांत थेट प्रवेश मिळतो (वैद्यकीयसारखे अपवाद सोडून), आणि खरी चाळणी पहिल्या वर्षाच्या परीक्षेत लागते. गुण २० पैकी, पास व्हायला १० लागतात. आपल्याकडच्या नव्वद टक्क्यांची सवय असलेल्या मुलाला १३ गुण पाहून धक्का बसतो, पण तिथे ते चांगले मानतात. लूव्हनमध्ये एकूण ६८ टक्क्यांना विशेष श्रेणी सुरू होते. परीक्षा जानेवारीत आणि जूनमध्ये होतात. त्याआधीचे काही आठवडे तास नसतात. तेव्हा रात्री बारमध्ये दिसणारी मुलं दिवसभर अभ्यासिकेत जागा धरून बसतात.

‘फ्लेमिश मुलं मिसळत नाहीत’ ही तक्रार नेहमीची. तिच्यामागे बऱ्याचदा त्यांच्या आठवड्याचं वेळापत्रक असतं. विद्यार्थ्याच्या भाड्याच्या खोलीला तिथे ‘कोट’ म्हणतात. स्वयंपाकघर सामायिक, कधी न्हाणीघरही. शुक्रवारी दुपारी लूव्हन स्टेशनकडे चाकांच्या बॅगांची रांग लागते. मुलं मळके कपडे घेऊन आईवडिलांकडे निघतात आणि रविवारी संध्याकाळी आठवड्याचे डबे घेऊन परततात. पार्टीची रात्र त्यामुळे शनिवारची नसून गुरुवारची! शनिवारी कोटवर एकटं बसून माणसांना नावं ठेवण्यापेक्षा मंगळवारी सामायिक स्वयंपाकघरात पोहे करा, जिन्यापर्यंत वास गेला की कुणीतरी डोकावतंच.

पार्ट-टाइम काम करून सगळा खर्च निघेल, हे गृहीत धरू नका. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांचीच परवानगी आहे. त्यातून किराणा सुटतो, फीचं गणित सुटत नाही.

आणि व्हिसा मिळाला की कागदपत्रं संपली असंही नाही. पोहोचल्यावर नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. मग पोलीस तुमच्या दारात येतो, तुम्ही खरोखर त्या पत्त्यावर राहता का हे पाहायला. घाबरू नका, ही तिथली नेहमीची पद्धत आहे. स्थानिक मुलांची नोंदणी आईवडिलांच्या घरीच असते, त्यामुळे काही घरमालक कोटच्या पत्त्यावर नोंदणी करू देत नाहीत. करार करण्याआधी हे स्पष्ट विचारून घ्या आणि राहायला गेल्या दिवशीच दारावरच्या घंटीशेजारी आपलं नाव लावा.