मृत्यूच्या प्रमाणपत्रावर सही कोणाची?

घरातील वृद्ध आई पहाटे देवाघरी जाते. नातलग लगेच धर्मगुरूंना दूरध्वनी करतात: "फादर, आज संध्याकाळी दफनविधी होईल का?" त्यावर "डॉक्टरांचे प्रमाणपत्र मिळाले का?" असे विचारावे लागते. शोकाच्या घडीला हा प्रश्न रुक्ष वाटतो. म्हणून पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील आपल्या कुटुंबांनी ही माहिती आधीच करून घ्यावी.

येथे कागद दोन असतात. मृत्यूचे कारण सांगणारे वैद्यकीय प्रमाणपत्र डॉक्टर देतात. रुग्णालयातील मृत्यूसाठी त्याचा 'नमुना ४' आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी 'नमुना ४ अ' असतो. बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी व वारसा यांसाठी लागणारा मृत्यूचा दाखला मात्र जन्म-मृत्यू निबंधक देतात. या दाखल्यावर आजाराचे नाव नसते. त्यामुळे कारण लपविण्याची गरज नाही.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १० नुसार, शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांनी हे प्रमाणपत्र विनाविलंब व विनाशुल्क द्यावयाचे असते. कायद्याचा भर उपचारांवर आहे. ज्यांनी रुग्णाला कधी पाहिलेच नाही, ते शेजारचे डॉक्टर सही नाकारतात, तेव्हा त्यांना निष्ठुर म्हणू नये. न पाहिलेल्या आजाराचे कारण ते कसे लिहिणार?

आपल्या भागात अनेकांचे कुटुंबवैद्य आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. १९७० व १९७३ च्या केंद्रीय कायद्यांनी या शाखांच्या नोंदणीकृत वैद्यांना कायद्याने आवश्यक असलेल्या प्रमाणपत्रांवर सही करण्याचा अधिकार दिला होता. आता त्या कायद्यांची जागा २०२० च्या नव्या कायद्यांनी घेतली आहे. तरीही घरी दीर्घ आजारी व्यक्ती असल्यास, आपल्या डॉक्टरांची सही चालेल ना, हे स्थानिक आरोग्य कार्यालयात आधीच विचारून ठेवावे.

कारखान्यातील वा रस्त्यावरील अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल, तर कुटुंबवैद्यांनी सही करावयाची नसते. तेथे पोलिसांना कळवावे लागते. पंचनामा व शवविच्छेदन होते. पूर्वी हे काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. ही चौकशी म्हणजे कुटुंबावरील आरोप नव्हे. कामगाराच्या विधवेला नुकसानभरपाई मागताना हेच कागद आधार देतात.

नोंदणी राहत्या ठिकाणी नव्हे, तर मृत्यू जेथे झाला तेथे होते. चिंचवडचा रहिवासी चाकणला वारला, तर नोंद चाकण नगरपरिषदेत होईल. आसपासच्या गावात वारला, तर तेथील ग्रामपंचायतीत. रुग्णालयातील मृत्यूची माहिती रुग्णालय कळवते, घरातील मृत्यूची कुटुंबप्रमुखाने कळवावयाची असते. मुदत २१ दिवसांची आहे. एक वर्ष उलटल्यास, २०२३ च्या दुरुस्तीनुसार, जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

चर्चच्या दफन-नोंदवहीतील नोंद महत्त्वाची खरी, पण ती शासकीय नोंदणीची जागा घेऊ शकत नाही. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या आपल्या माणसाला डॉक्टरांना वेळोवेळी दाखवावे, औषधांच्या चिठ्ठ्या व तपासणीचे अहवाल एका फाईलमध्ये ठेवावेत आणि डॉक्टरांचा क्रमांक घरातील सर्वांना ठाऊक असावा. जिवंतपणी घेतलेली ही काळजी अखेरच्या दिवशीची धावपळ वाचवील आणि आप्तांना प्रार्थनेसाठी निवांतपणा देईल.