शिवारातले पीक आणि संख्याशास्त्राचा पहिला धडा

महाविद्यालयात संख्याशास्त्र हा विषय प्रथमच घेणारा विद्यार्थी सरासरी, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन या क्रमाने पुढे सरकतो, सत्राअखेर सहसंबंध गुणांकही बिनचूक काढून दाखवितो. परंतु समोरचे आकडे कोणी, कोठून व कोणत्या रीतीने गोळा केले हा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच उद्भवतो, कारण क्रमिक पुस्तकात ते कोष्टकात आयतेच मांडलेले असतात. माझ्या मते या शास्त्राचे अध्ययन त्या प्रश्नापासूनच सुरू व्हावयास हवे, आणि त्यास पिकाच्या अंदाजाइतके उत्तम उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

पूर्वी मुलकी खात्याची माणसे उभे पीक नजरेने पाहून त्याची आणेवारी ठरवीत. सोळा आणे म्हणजे पुरे पीक. मुंबई इलाख्यात ते चार आणे वा त्याहून कमी भरल्यास त्या सालचा शेतसारा तहकूब करून मागण्याचा रयतेस हक्क असे. 1918 साली खेडा जिल्ह्यात जो सत्याग्रह झाला त्याच्या मुळाशी हाच वाद होता: सरकारी दप्तराप्रमाणे पीक चार आण्यांच्या वर होते, रयतेच्या म्हणण्याप्रमाणे खाली. शिवार एकच, पीक एकच, आणि अंदाज मात्र दोन. शिवाय नजरेच्या अंदाजात चूक किती असू शकेल हे सांगण्याचे कोणतेही साधन उभय पक्षांजवळ नव्हते.

ते साधन नमुना-पाहणीने दिले. सातारा जिल्ह्यात जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि 1936 साली लंडनहून डॉक्टरेट घेऊन परतलेले पां. वा. सुखात्मे यांनी पीककापणीची जी पद्धती शेतकी संशोधनात रूढ केली, तीत आधी गावे, मग त्या गावांतील शेते आणि अखेर शेतातील कापणीची जागा, ही सर्व निवड यदृच्छेवर सोपविलेली असते. तेवढ्याच तुकड्यातले पीक कापून, मळून तोलतात. माणसाची आवडनिवड अशी दूर सारली की चुकीचा संभाव्य आवाका गणिताने सांगता येतो, आणि तो निम्म्यावर आणावयाचा तर नमुना चौपट घ्यावा लागतो, हा वर्गमुळाचा नियमही विद्यार्थ्यास तेथे सार्थ भासतो.

परंतु याहून मोलाचा धडा पुढेच आहे. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पाहण्यांत अवघ्या काही फूट त्रिज्येची लहान वर्तुळे कापीत. सुखात्मे यांचे म्हणणे असे पडले की इतक्या लहान तुकड्यांतून उत्पन्न वास्तवाहून अधिक दिसते. कारण सीमेवरच्या रोपांत आहे. दोरीच्या नेमके कडेवर आलेले ताट आत धरावे की बाहेर, असा संभ्रम पडला की कापणाऱ्याचा हात सहसा ते आत घेण्याकडे वळतो. आता दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाभोवतीची केवळ एक इंच पट्टी आत आली, तरी क्षेत्र सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढते. तेहतीस फूट लांब व साडेसोळा फूट रुंद तुकड्याभोवती तेवढीच पट्टी घेतली, तर वाढ दीड टक्क्याच्या आसपास राहते. अशी वर्तुळे शंभराऐवजी दहा हजार कापली तरी हा साडेआठ टक्क्यांचा फुगवटा तिळभरही कमी होत नाही. उलट आकडे एकमेकांशी अधिकच जुळू लागतात आणि चुकीच्या उत्तरावरचा विश्वास दृढ होतो. यदृच्छेची चूक नमुना वाढविल्याने घटते, पक्षपाताची घटत नाही, हा भेद ज्यास उमगला नाही त्याने प्रमाण विचलनाची शेकडो उदाहरणे सोडविली तरी त्याचे शिक्षण माझ्या दृष्टीने अपुरेच आहे.

हा भेद समजावून देण्यास शेतावरच जावयास पाहिजे असे नाही. महाविद्यालयाच्या आवारात गवत असतेच. खुंट्या, सुतळी व मोजपट्टी घेऊन अर्ध्या वर्गाने लहान वर्तुळांत आणि उरलेल्यांनी मोठ्या आयतांत एखाद्या ठळक तणाची रोपे मोजावीत, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, दर चौरस फुटास किती रोपे पडली ते काढावे, आणि सुतळीवर आलेले प्रत्येक रोप कोणी आत धरले व कोणी सोडले याची नोंद कोष्टकात निराळ्या रकान्यात करावी. प्रमाण विचलनाचे सूत्र त्यानंतरच्या तासाला, याच कोष्टकावर शिकवावे.