स्ट्रॉबेरीचा उन्हाळा

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून 1,300 मीटरच्या वर, यवतमाळ 450च्या आसपास. तिथलं फळ इथल्या परसबागेत येतं का, असं लोक विचारतात. येतं, आणि गोडही लागतं. कसोटी लागते ती मे महिन्यात झाड जगवताना.

बारमाही म्हणून मिळणाऱ्या आजच्या बहुतेक जातींचं मूळ अमेरिकेत आहे. संशोधक रॉइस ब्रिंगहर्स्ट यांनी युटाच्या डोंगरातल्या रानटी स्ट्रॉबेरीशी संकर करून त्यांचा पाया घातला. एरवीच्या जाती दिवस लहान झाले की कळ्या धरतात. या जातींना दिवसाच्या लांबीचं सोयरसुतक नाही. पण यवतमाळात जूनमधला सगळ्यात मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतलाच, म्हणजे दिवसाच्या लांबीचा अडसर इथे तसाही फारसा नाही; बहर अडवतो तो उकाडा. पारा तिशीच्या वर ठाण मांडून बसला की बारमाही जातही कळ्या धरणं सोडते. आपल्या वाट्याला फळ येतं ते साधारण डिसेंबर ते मार्च.

आपली काळी माती पऱ्हाटीला मानवते, स्ट्रॉबेरीला नाही. ती पाणी धरून ठेवते आणि तिच्यात चुनखडी असते. मग मुळांना लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यामुळे मी रोपं कुंडीतच लावतो: कोकोपीट, गांडूळखत, थोडी जाड वाळू. दिवाळीच्या सुमारास लावताना सगळं लक्ष रोपाच्या गाभ्यावर ठेवायचं. पानं फुटतात तो हा भाग मातीत गाडला गेला तर कुजतो, फार वर राहिला तर मुळं सुकतात. मातीवर सोयाबीनचं कुटार पसरलं की फळ ओल्या मातीला टेकत नाही.

फूल उमललं की जवळ जाऊन पाहावं. पाच पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळा उंचवटा, त्यावर बारीक स्त्रीकेसरांची दाटी. फळावर आपण ज्यांना बिया म्हणतो ते दाणे यांतूनच होतात, आणि शास्त्राच्या भाषेत खरी फळं तीच. ज्या दाण्यापर्यंत पराग पोचला त्याच्याभोवतीचाच गर फुगतो. एक बाजू राहून गेली तर फळ तिकडे दबलेलं, वेडंवाकडं होतं. अंगणात फुलोरी माश्या फिरत असतील तर काळजी नाही. नसतील तर मऊ ब्रश प्रत्येक फुलावर गोल फिरवायचा. हे काम मला फार आवडतं. थंडीत फूल ते लाल फळ यात महिनाभर जातो, आणि बुलबुल आपल्याआधी पोचू नये म्हणून जाळी लागतेच.

एप्रिल लागला की फळाचा मोह सोडायचा. येतील त्या कळ्या खुडायच्या, कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी हिरव्या जाळीखाली हलवायच्या, पाणी सकाळी आणि उन्हं उतरल्यावर द्यायचं. कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी जाळी विणतो. पानं खालून धुतली की तो आटोक्यात राहतो. मृगाच्या सरींनंतर तगलेली झाडं लांब रनर सोडतात. रनरचं टोक शेजारच्या छोट्या कुंडीत तारेच्या आकड्याने दाबून ठेवायचं आणि मुळं धरल्यावरच आईपासून कापायचं. सप्टेंबरपर्यंत पुढच्या हंगामाची रोपं घरचीच तयार होतात.